गिअरबॉक्स बसला, पण गाडीला पटला नाही

पत्र थोडक्यात : पारोळा-एरंडोल पट्ट्यातले हे वाचक खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. आठवड्यातून दोनदा धुळे किंवा जळगाव ठरलेलं. त्यांच्या २०१३ च्या डिझेल सेडानचा गिअरबॉक्स ऐन लग्नसराईत गेला. आधी तिसरा गिअर सुटायचा, मग आवाज यायला लागला, मग एक दिवस काहीच पडेना. बहिणीच्या दिराचं गॅरेज आहे. त्याने बाहेरून दुसऱ्या गाडीतला वापरलेला गिअरबॉक्स आणून बसवून दिला. क्लच प्लेटसकट ४२ हजार झाले. पावती नाही, पैसे फोनवरून दिले. आता तीन महिने होत आले. पहिला गिअर टाकला की लगेच संपतो. हायवेला इंजिन ओरडतं. फोनवर वेग ८० दिसतो तेव्हा आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २,४५० वर असतो, पूर्वी २,००० च्या आत असायचा. डॅशबोर्डवर ८० असताना फोन ७० म्हणतो. रिव्हर्स टाकताना कर्रकन वाजतं, आणि रात्री गाडी उभी केली की सकाळी डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा डाग असतो. ‘ॲव्हरेज मात्र फार गेलं नाही, २१ चं १९ झालं,’ असं ते लिहितात. वडील म्हणतात, ‘गाडी ते चालस ना? मंग!’ बायको म्हणते, विकून टाका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी येणार आहे, आणि दिराशी बोलावं तर तिच्या घरात वाकडं यायचं अशी धास्ती आहे. त्यांचा प्रश्न : ‘मॉडेल तर तेच होतं, मग मला फसवलंय का? भांडू, गप्प बसू, की गाडी काढून टाकू?’

भाऊ,

पुढचं वाचायच्या आधी एक फोन करा. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की तुमच्या गाडीतून काढलेला जुना बॉक्स गॅरेजच्या मागे पत्र्याखाली पडलाय, भंगारवाला आला की जाईल. तो जाऊ देऊ नका. ‘माझा जुना बॉक्स राहू दे, मी बघायला येतो,’ एवढंच बोला. का, ते पुढे येईलच.

आता तुमचा प्रश्न. भांडू, गप्प बसू, की विकू. तिन्ही पर्याय माणसांचे आहेत, गाडीचा त्यात एकही नाही. गाडीच्या पोटात नेमकं काय बसलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि माझा अंदाज असा की ज्याने बसवलं त्यालाही पुरतं ठाऊक नाही. ते कळेपर्यंत ‘फसवलं’ हा शब्द जरा बाजूला ठेवा. कळल्यावर वापरायचा तर खुशाल वापरा.

‘मॉडेल तेच होतं’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. गाडीच्या मागे लिहिलेलं नाव आणि आतला गिअरबॉक्स यांचं नातं आपण समजतो तितकं घट्ट नसतं. एकाच नावाची गाडी पेट्रोलमध्ये येते, डिझेलमध्ये येते, आणि दोन-चार वर्षांनी कंपनी गाजावाजा न करता आतलं बरंच काही बदलून टाकते. उलटंही होतं, इंजिन एक आणि गाड्या अनेक. फियाटचं ते १,२४८ सीसीचं डिझेल इंजिन घ्या. आपल्याकडे ते मारुतीच्या गाड्यांत होतं, टाटाच्या गाड्यांत होतं, फियाटच्या स्वतःच्या तर होतंच. हॅचबॅकमध्ये होतं, सेडानमध्ये होतं, सात सीटर गाडीतही होतं. तुमच्या गाडीत कुठलं इंजिन आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मुद्दा सगळीकडे तोच. सात माणसं आणि टपावर सामान ओढणाऱ्या गाडीला जो रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे) लागतो, तो एकट्या माणसाला घेऊन हायवेला पळणाऱ्या सेडानला कसा मानवेल?

आणि बाहेरून हे बॉक्स जुळ्या भावांसारखे दिसतात. बोल्टची भोकं जुळली, शाफ्ट क्लच प्लेटच्या खाचांत गेला, दोन्ही एक्सल बसले की मेस्त्री म्हणतो, बसला. खोटं नाही बोलत तो. बसलाच आहे. फरक आत आहे, दातांच्या आकड्यात, आणि तो उघडल्याशिवाय किंवा मोजल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या गाडीला ओढणारी चाकं पुढची. अशा गाडीत डिफरन्शियल (ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा भाग) वेगळं मागे नसतं, गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. पाच गिअरच्या जोड्या झाल्या की शेवटी आणखी एक जोडी, छोटं पिनियन आणि मोठं क्राउन. कुठलाही गिअर टाका, ताकद चाकाकडे जाते ती या जोडीतूनच. या जोडीचे दोन-चार दात इकडचे तिकडे झाले की पहिल्यापासून पाचव्यापर्यंत सगळे गिअर एकदम आखूड होतात, नाहीतर एकदम लांब. तुमचे आखूड झालेत. पहिला लगेच संपणं आणि हायवेला इंजिन ओरडणं ही दोन दुखणी नाहीत, एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. (जीप किंवा बोलेरोवाल्यांनी हे आपल्याला लावून घेऊ नये. त्यांचं क्राउन-पिनियन मागच्या हाउसिंगमध्ये असतं. तिथे गिअरबॉक्स बदलला तर शेवटची जोडी तीच राहते, गडबड झालीच तर सुट्या गिअरच्या रेशोमध्ये होते.)

अंदाजाने बोलतोय असं वाटू नये म्हणून हिशेबच करू, शाळेतल्या भागाकारापलीकडे त्यात काही नाही. पुढच्या चाकावर आणि जमिनीवर खडूने एक-एक खूण करा. गाडी ढकलत एक पूर्ण फेरा होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा, आणि मधलं अंतर टेपने मोजा. तुमच्या गाडीच्या टायरला ते १.९ मीटरच्या आसपास भरेल. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १,३३३ मीटर. त्याला १.९ ने भागा, चाक मिनिटाला ७०० फेरे घेतंय. त्याच वेळी इंजिन २,४५० फेरे घेतंय, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे साडेतीन. पूर्वी काटा २,००० च्या आत असायचा म्हणता, १,९५० धरू, म्हणजे पावणेतीनच्या किंचित वर. पाचव्या गिअरमध्ये तुमचं इंजिन पूर्वीपेक्षा सरळ पाव पटीने जास्त फिरतंय. एवढा फरक गिअरबॉक्स झिजून पडत नाही. दात झिजतात, त्यांची संख्या बदलत नाही. क्लच घसरत असता तरी इंजिन जास्त फिरलं असतं, पण मग ते चढावर किंवा जोरात रेस दिल्यावरच दिसलं असतं, सपाट रस्त्याला एकसारख्या वेगात नाही. तेव्हा बॉक्स दुसऱ्याच रेशोचा आहे, यावर मी पैज लावायला तयार आहे.

लगेच घाबरू नका. खरोखरच्या १०० ला तुमचं इंजिन आता ३,०७० च्या आसपास फिरत असेल. ते त्याने मरत नाही, ते त्याहून बरंच जास्त फिरायला बनवलेलं आहे. कान किटतात, डिझेल जातं, आणि वैशाखात धुळे-जळगाव करताना बाहेर ४४ अंश असताना आतली गरमी वाढते, एवढं खरं. उलट एक फायदाही झालाय, तो तुमच्या वडिलांच्या लक्षात आलाय. कन्नडच्या घाटात आता तिसऱ्यावर चढते, पूर्वी दुसरा टाकावा लागायचा, असं ते म्हणतात ना? आखूड गिअरची गाडी चढाला आणि ओझ्याला चांगलीच असते. तुम्ही रोज गावातून शेतात आणि शेतातून बाजारात खताच्या गोण्या वाहत असता, तर मी म्हटलं असतं, राहू द्या, देवाने दिलं. तुमची निम्मीअधिक धाव हायवेला आहे, म्हणून ते म्हणवत नाही.

आता ती ॲव्हरेजची ओळ. ‘२१ चं १९ झालं, फार गेलं नाही.’ अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती ही. तुम्ही १९ कशावरून काढलं? टाकी फुल ते टाकी फुल, आणि किलोमीटर मीटरवरचे. पण ज्या मीटरचा काटा ७० ला ८० दाखवतो, त्याचे किलोमीटर तरी सरळ कसे असतील? तुमच्या गाडीला वेग कळतो तो गिअरबॉक्सवरच्या सेन्सरवरून, म्हणून बॉक्स बदलला तसा तोही फिरला. (ज्या गाड्यांना वेग चाकाजवळच्या एबीएस सेन्सरवरून कळतो, त्यांचा काटा चुकीचा बॉक्स बसला तरी बरोबरच राहतो. त्यामुळे ‘काटा बरोबर आहे म्हणजे बॉक्स बरोबर आहे’ असंही कुणी समजू नये.) काटा थोडा जास्त दाखवतो हे कंपनीचंच असतं, ८० ला खरे ७७ असणं नेहमीचं. खरे ७० असणं नेहमीचं नाही. तेव्हा मीटर साधारण दहा टक्के जास्त पळतोय असं धरा. खात्री करायची तर हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर करा. एका दगडाशी ट्रिप शून्य करा, दहा दगड जाऊ द्या. ट्रिपवर ११ आले की समजा.

म्हणजे तुमचं १९ हे खरं १७ आणि काही. महिन्याला खरे १,२०० किलोमीटर धरले तर पूर्वी ५७ लिटर लागायचं, आता ६९ च्या वर लागतंय. बारा लिटर जास्त. डिझेल नव्वद रुपये धरा, महिन्याला हजार-अकराशे, वर्षाला तेरा हजारांच्या घरात. ‘चालस ना’ची ही किंमत आहे. वडिलांना हाच हिशेब दाखवा. ते रागावणार नाहीत, पैसा काय झाडले लागतस का, हे त्यांच्याच पिढीचं बोलणं आहे.

उलटी गत झालेल्यांसाठी एक वाक्य : काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवत असेल तर ती गाडी तशीच हायवेला नेऊ नका. तुम्ही ऐंशीत आहोत म्हणून निवांत असता आणि कॅमेरा नव्वदचं चलन पाठवतो.

रिव्हर्सचा कर्रकन आवाज आणि ऑइलचा डाग मात्र रेशोच्या खात्यावर टाकू नका. ती बसवतानाची दुखणी असावीत, आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहेत. सकाळी गाडी चालू करा, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, मनात चार आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. अलगद पडला तर तुमचीच घाई नडते आहे, बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर अलगद पडू देणारी रिंग) नसतो. चार मोजूनही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. मग एकतर हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा केबलचं सेटिंग, नाहीतर प्लेट वाकलेली किंवा भलत्याच मापाची. प्लेट कशी वाकते, ते मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय. शिकाऊ होतो तेव्हा एकट्याने बॉक्स चढवायला गेलो. शाफ्ट प्लेटमध्ये घुसला आणि हात भरून आले म्हणून दोन मिनिटं बॉक्स तसाच त्याच्यावर लोंबकळत ठेवला. पस्तीस-चाळीस किलोचं धूड त्या पातळ प्लेटवर. गाडी सुटताना थरथरायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उतरवावं लागलं. उस्ताद काही बोलले नाहीत, फक्त जेवायला बसल्यावर माझ्या पानात ठेचा जरा जास्त वाढला.

बॉक्स पुन्हा उतरेल तेव्हा इंजिन आणि बेल हाउसिंगच्या (बॉक्सच्या इंजिनाला लागणाऱ्या तोंडाच्या) मध्ये दोन पोकळ पिना आहेत का, हे तुम्ही स्वतः वाकून बघा. डॉवेल म्हणतात त्यांना. करंगळीच्या पेराएवढ्या असतात, जुना बॉक्स उतरवताना त्याच्याबरोबर निघून जातात आणि मग कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्या नसल्या तरी बोल्ट कसले जातात, पण बॉक्स केसभर सरकलेला राहतो, आणि मग इनपुट शाफ्टचं बेअरिंग वर्षा-दीड वर्षात गुणगुणायला लागतं. ऐकायचं कसं? न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घूं घूं येतो आणि दाबला की थांबतो, तर ते बेअरिंग. दाबल्यावरच येतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. डाव्या बाजूचा डाग बहुतेक एक्सलच्या ऑइल सीलचा आहे, एक्सल घुसवताना सीलची ओठी कापली जाते.

मला खरी काळजी वेगळी आहे. हा बॉक्स आला कुठून? त्याच इंजिनाच्या जड गाडीतून आला असेल तर रेशो चुकला, पण ताकद पुरेशी आहे. पेट्रोल गाडीतून आला असेल तर गोष्ट बदलते. तुमच्या वर्गातलं डिझेल इंजिन १९० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (ओढ) देतं, त्याच आकाराच्या गाडीतलं पेट्रोल ११५ च्या आसपास. कमी ओढीसाठी बनवलेले दात आणि बेअरिंगं जास्त ओढीला जुंपली की आज काही होत नाही, पण एका पावसाळ्यात भरलेल्या गाडीनिशी घाटात होतं. बॉक्सच्या कवचावर ठोकलेला किंवा चिकटवलेला नंबर असतो. तेवढा फोटो काढून कंपनीच्या स्पेअर काउंटरला दाखवा. तो कुठल्या गाडीचा ते तिथे कळण्याची शक्यता चांगली आहे.

आता जुना बॉक्स का हवा, ते. तुमच्या जुन्यात बिघडलं काय होतं? तिसरा सुटत होता, मग आवाज. म्हणजे तिसऱ्याची जोडी, त्याचा सिंक्रो, एखादं बेअरिंग गेलं असणार. क्राउन-पिनियन गेल्याचं तुमच्या पत्रात काही दिसत नाही, म्हणजे योग्य रेशो त्या पत्र्याखाली पडलाय. आणि आता बसवलेल्या, म्हणजे तुमच्यासाठी नव्या, बॉक्समध्ये तिसरा गिअर धड आहे. दोन्ही एकाच जातीचे निघाले तर दोहोंतून एक चांगला बॉक्स उभा राहू शकतो. कवच जुनं, शेवटची जोडी जुनी, जे झिजलंय ते नव्यातून किंवा दुकानातून. अट एकच आणि ती मोडायची नाही : गिअर जोडीने काढायचा, जोडीने घालायचा. जोडीतलं एक चक्र इकडचं, एक तिकडचं असं केलं की बॉक्स रडतो. पिनियन शाफ्टचाच भाग असतो, तेव्हा तो अख्खा शाफ्ट आणि त्याचा क्राउन एकत्रच राहिले पाहिजेत. खर्च किती, ते उघडून बघितल्याशिवाय कुणी सांगू नये आणि तुम्हीही विचारू नये. पण वर्षाला तेरा हजारांचा खड्डा लक्षात ठेवून त्या आकड्याकडे बघा.

जुना बॉक्स आधीच भंगारात गेला असेल, तर नंबर जुळवून दुसरा बॉक्स शोधणं आणि हा परत करणं, हाच रस्ता. नवा कंपनीचा बॉक्स बारा वर्षांच्या गाडीला मी तरी घालणार नाही. विकायचं म्हणाल तर विका, पण घेणाऱ्याला सांगून. गिअरबॉक्सचा नंबर आरसी बुकात नसतो, तिथे इंजिन आणि चासीचा असतो, म्हणून कागदावर कुणाला काही कळणार नाही. हायवेला दहा किलोमीटर फिरवून बघितलं की कळेल, आणि आपल्याकडे गाडी घेणारा तिसऱ्या गावचा पाहुणाच निघतो.

राहिला बहिणीचा दीर. तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, ते तुम्ही पटकन लिहून पुढे गेलात : ‘मीच म्हटलं होतं, नवीन नको, बाजारातला चालेल, आठ दिवसांत गाडी पाहिजे.’ लग्नसराईत, आठ दिवसांत, स्वस्तात, जुना. अशा वेळी मेस्त्री फोनवर मॉडेल आणि साल सांगतो, समोरचा ‘आहे’ म्हणतो, ट्रान्सपोर्टने बॉक्स येतो. दात न मोजता चढवला ही त्याची चूक आहेच, ती मी झाकत नाही. बसवण्याआधी जुना आणि नवा शेजारी ठेवून, दोन्ही पाचव्यात टाकून, इनपुट शाफ्ट हाताने फिरवून फेरे मोजायला त्याला दहा मिनिटं लागली असती. पण चूक आणि लबाडी यांत फरक आहे, आणि तुमच्या पत्रात मला लबाडीची एकही खूण दिसली नाही. पेट्रोलचा आहे हे माहीत असून त्याने दाबलं असं निघालं, तर मी माझा शब्द मागे घेईन.

त्याला घरी बोलावू नका, गॅरेजच्या गर्दीत बोलू नका, आणि बहिणीमार्फत निरोप तर मुळीच नको. तिला यातलं काही सांगायचं कारणच नाही. एखाद्या सकाळी लवकर गाडी घेऊन जा, ‘चल, एक चक्कर मारू’ म्हणा. स्टिअरिंग त्याच्या हातात द्या. मुकटी ते फागणे हायवे मोकळा मिळतो. फोनवर वेग लावून ठेवा आणि काही बोलू नका. ८० ला काटा कुठे आहे ते त्याचे त्याला दिसू द्या. धंद्यातला माणूस आहे, त्याला सांगावं लागणार नाही. मग चहाला थांबा आणि कागदावरचा साडेतीन आणि पावणेतीनचा हिशेब पुढे ठेवा. ‘तू काय केलंस’ असं विचारू नका, ‘आता कसं करू या’ विचारा. मजुरी त्याची, सामान तुमचं, आणि ज्याच्याकडून बॉक्स आणला त्याच्याशी त्याने भांडायचं, अशी वाटणी मला रास्त वाटते. त्याने त्या दुकानदाराकडे जाताना हाच कागद न्यावा.

दीर हात झटकून मोकळा झाला तर? कायदा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष सेवेची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, आपण राहतो त्याच जिल्ह्यात, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघता येतं. पावती नसली तरी फोनवरून गेलेले पैसे आणि त्याचे मेसेज पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात, ते पुसू नका. हे तुम्ही सोयऱ्याविरुद्ध करावं असं मला वाटत नाही, पण अनोळखी दुकानातून असाच फटका बसलेले दोघे-तिघे तरी हे वाचत असतील.

त्यांच्यासाठीच आणखी थोडं. जुना बॉक्स घेताना मॉडेल सांगून घेऊ नका, आपल्या बॉक्सवरच्या नंबराचा फोटो पाठवून घ्या. तो ज्या गाडीतून निघाला तिचा चासी नंबर लिहिलेली पावती मागा. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणूनही ती लागते. आपला जुना बॉक्स नवा बसून हजार किलोमीटर होईपर्यंत हातचा सोडू नका, भंगारवाला काही पळून जात नाही. क्लच प्लेट आपल्या इंजिनाची घ्यायची की आलेल्या बॉक्सची, हे दुकानदाराला विचारण्याऐवजी शाफ्टच्या खाचा मोजून ठरवा. आणि गाडी ताब्यात घेताना गॅरेजच्या गल्लीत फिरवून पैसे देऊ नका, हायवेला फोन लावून ८० करून बघा.

तुमच्या गाडीचं काम होईपर्यंत, भाऊ, तो डाग हलका समजू नका. गिअरबॉक्सला डिपस्टिक बहुतेक नसते, म्हणून ऑइल किती उरलंय हे कुणी बघतच नाही, आणि कोरडा पडलेला बॉक्स दुरुस्तीलाही उरत नाही. गाडी सपाट जागी घ्या, थंड होऊ द्या, बाजूचा फिलर प्लग काढा आणि करंगळी वाकवून आत घाला. ऑइल भोकाच्या काठाशी बोटाला लागलं पाहिजे. लागलं नाही तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच टाका. पुढच्या चाकांच्या बहुतेक गाड्यांना जीएल-४ लागतं, जीएल-५ हे मुख्यतः जीप-ट्रकच्या मागच्या हाउसिंगचं तेल, सिंक्रोच्या पितळी रिंगांना ते नेहमी मानवत नाही. तीन महिन्यांपूर्वी तुमच्या बॉक्समध्ये कुठलं टाकलं होतं, हेही त्या चहाच्या वेळी विचारून घ्या.